कोकणातल्या पावसाळ्यात मन मोकळं करायला कोणती वही घ्यावी?

निकाल आधीच सांगून टाकू. दोन क्वायरचं (म्हणजे साधारण १९२ पृष्ठांचं), शिवलेल्या बांधणीचं, पाठीला कापडी पट्टी असलेलं साधं हिशेबाचं रजिस्टर आणि तेलकट शाईचं निळं बॉलपेन. किनाऱ्यावर राहून मनातलं कागदावर उतरवायचं असेल, तर याहून चांगली जोडी आज बाजारात नाही. ‘जर्नल’ नावाने विकल्या जाणाऱ्या देखण्या वह्या इथे दोनदा नापास होतात. एकदा हवेमुळे आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या देखणेपणामुळे. पाचशे रुपयांच्या सोनेरी कडांच्या पानावर ‘आज जावेचा भयंकर राग आला’ असं लिहायला हात धजत नाही. माणूस ‘आजची सकाळ प्रसन्न होती’ असं काहीतरी लिहून मोकळा होतो, आणि आठवड्याभरात लिहिणंही बंद पडतं.

तरीही ज्यांना निवड करायची आहे त्यांच्यासाठी एकेक प्रकार पाहू. त्याआधी हवेचं गणित.

जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरची आर्द्रता दिवसच्या दिवस ८५ ते ९५ टक्क्यांच्या घरात असते. कागद हवेतला ओलावा पितो. कोरड्या दिवसांत त्याच्या वजनाच्या सहा-सात टक्के पाणी त्यात असतं, भर पावसात ते जवळजवळ दुप्पट होतं. असा कागद मऊ पडतो, फुगतो, पानाच्या कडा लाटेसारख्या होतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला जोर येतो. बुरशीला आणि कसरीला खायला लागतात ती खळ, सरस, चामडं आणि कापूस. म्हणजे महागड्या वहीत जे जे असतं ते सगळं.

आता वह्या.

चामडी वेष्टणाची, दोरीने बांधायची वही. दिसायला सर्वांत सुंदर आणि टिकायला सर्वांत वाईट. बंद कपाटात ठेवली तर आठ-दहा दिवसांत चामड्यावर पांढरट-हिरवी साय धरते. कोरड्या फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन पडवीत, वाऱ्यावर पुसली तर जाते, पण पुन्हा येते. चामड्यासारखं दिसणारं कृत्रिम वेष्टण बुरशीला तितकं चविष्ट नसतं, पण दमट हवेत त्यावरचा थर दोन-चार वर्षांत चिकट होऊन खपल्या धरतो. शेजारच्या पुस्तकाला चिकटला की त्या पुस्तकाचंही मुखपृष्ठ घेऊन निघतो. पाचपैकी एक गुण, तोही ऑक्टोबर ते मे या काळापुरता.

हातकागदाची वही. सुती चिंध्यांपासून केलेला जाड, खडबडीत कागद. हाताला छान लागतो, चित्र काढायला चांगला. लिहायला मात्र नाही. बऱ्याचशा हातकागदाला पुरेशी खळ दिलेली नसते, त्यामुळे शाई रेषेबाहेर फुटते. जेलपेनची गोळी खडबडीत पृष्ठभागावर अडखळते. ज्या कागदात फुलांच्या पाकळ्या किंवा गवताच्या काड्या दाबलेल्या असतात तो तर पावसाळ्यात घेऊच नये. पाकळी तपकिरी पडते आणि बुरशीचा पहिला ठिपका तिच्याभोवतीच उठतो.

छापील प्रश्नांची वही. ‘आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?’ ‘आज तुम्ही स्वतःवर कसं प्रेम केलंत?’ असे प्रश्न रोज, तेच, त्याच जागी. दुसरा प्रश्न मराठी माणसाला विचारला तर तो आधी मागे वळून पाहतो, कोणाला विचारलं म्हणून. कृतज्ञतेच्या यादीला अर्थ नाही असं नव्हे. २००३ साली एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत गोष्टी, दहा आठवडे लिहिल्या होत्या. आठवड्यातून एकदा. रोज सकाळी तीन ओळी भरायच्या ठरवल्या की तिसऱ्या आठवड्यात ‘आई, घर, चहा’ असा पाढा होतो. या वहीतलं चांगलं एकच: सुरुवात कशी करावी हे ज्याला सुचत नाही त्याला धक्का मिळतो. त्यासाठी वही विकत घ्यायची गरज नाही. स्वतःच्या भाषेतले चार प्रश्न रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. आज कोणाला काय सांगायचं राहिलं? अंगात नेमकं कुठे जाणवतंय: छातीत, पोटात, मानेवर? हे आधी कधी असंच झालं होतं? उद्या यातलं एक काय करता येईल? एवढे पुरतात.

तारीखवार डायरी. जानेवारीत पतपेढी, विमा एजंट, औषधाचं दुकान यांच्याकडून फुकट मिळते. कागद गुळगुळीत आणि बरा असतो. दोष तारखेत आहे. गणपतीत आठ दिवस लिहिलं नाही की आठ कोरी पानं डोळ्यांसमोर नाचतात, आणि अपराधीपणामुळे पुढची आठ कोरी राहतात. शिवाय वाईट दिवसाला एक पान पुरत नाही, चांगल्या दिवसाला अर्धंही जास्त होतं. छापील तारखेवर काट मारून वापरायची तयारी असेल तर पाचपैकी तीन.

शाळेची २०० पानी लाँगबुक. साधारण २७ बाय १७ सेंटिमीटर, एस.टी. स्टँडसमोरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात. स्वस्त असल्याने भीती वाटत नाही, आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण. दोष दोन. मधोमध मारलेल्या पिना खाऱ्या हवेत गंजतात. पहिल्या पावसाळ्यात तपकिरी डाग पडतो, दुसऱ्यात मधलं पान सुटून हातात येतं. आणि कागद बहुधा ५४ ते ६० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), म्हणजे पातळ, त्यामुळे शाईपेन वापरलं तर मागच्या पानावर उमटतं. बॉलपेन किंवा पेन्सिल असेल तर पाचपैकी चार. आणखी एक, २०० पानी म्हणजे पाठपोट मोजून २०० पृष्ठं, आणि त्यात कधीकधी मुखपृष्ठही धरलेलं असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं वाचावं.

लाल कापडाची हिशेबाची चोपडी. लक्ष्मीपूजनाला पूजतात ती. दोऱ्याने शिवलेली, सपाट उघडते, पानं सहसा बिनओळींची. लिहायला अतिशय सुखाची. पण कापडाचा लाल रंग ओल्या हाताला लागतो, आणि भिजली तर कडेची पानं गुलाबी करून सोडते.

दोन क्वायरचं रजिस्टर. जाड पुठ्ठा, पाठीला कॅलिको कापडाची पट्टी, आत शिवलेल्या जुड्या, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे. दोन क्वायर म्हणजे साधारण १९२ पृष्ठं, कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे. कागद पुष्कळदा लाँगबुकपेक्षा दळदार असतो. टेबलाशिवाय, मांडीवर ठेवून लिहिता येतं, कारण पुठ्ठाच पाटाचं काम करतो. शिवाय बाहेरून ते दूध, मजूर किंवा काजूबियांच्या हिशेबाचं दिसतं, आणि घरात कोणालाही दुसऱ्याचा हिशेब वाचायची हौस नसते. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वजनाचा कापला.

घेताना दुकानातच दोन गोष्टी तपासाव्यात. वही मधोमध उघडून पाठीकडे पाहावं. दोरा दिसला तर शिलाई, नुसता पिवळट सरस दिसला तर ती चिकटवलेली, आणि दमट हवेत अशी वही उघडमीट करून पानं एकेक करून सुटतात. दुसरं, शेवटच्या पानाच्या कोपऱ्याला ओलं बोट लावावं. पाणी लगेच शोषून तो ठिपका पारदर्शक झाला तर कागदाला खळ कमी आहे, शाई फुटणार. थेंब क्षणभर वर बसून राहिला तर वही चांगली. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्यावं.

लेखणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण चूक इथेच होते. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकरांनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या बनवून ज्या व्यवसायाची सुरुवात केली, तो पुढे उंट छाप शाईमुळे घराघरांत पोचला, आणि त्या दौतीची आठवण असलेल्या पिढीला शाईपेनाने लिहिणं म्हणजेच मनापासून लिहिणं वाटतं. वाटू द्यावं, पण धुतली जाणारी निळी शाई पावसाळ्यात वापरू नये. पागोळीचा एक थेंब पडला की परिच्छेद गेला. जेलपेनांत काही पाण्याला टिकतात, काही अजिबात नाही, आणि वेष्टणावरून ते नेहमी कळत नाही. तीन ओळी लिहून तासभर वाळू द्याव्यात, वर पाण्याचा थेंब ठेवून दोन मिनिटांनी कापसाने टिपावा. बॉलपेनची शाई तेलात असल्याने पाण्याने विस्कटत नाही, पण तिला कागदावरचं तेल चालत नाही. केसांना खोबरेल लावलेला हात पानावर टेकला की त्या जागी पेन उमटतच नाही, आणि लोक रिफिलला दोष देतात. हाताखाली रद्दी कागदाची घडी ठेवावी. पेन्सिल उत्तम. ग्रॅफाइट विरत नाही, पाण्याने जात नाही. मात्र दमट, मऊ कागदावर २एच सारखी कडक पेन्सिल पान ओरबाडते. एचबी किंवा बी घ्यावी.

आता वहीत लिहायचं काय. इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण वही कितीही चांगली असली तरी चुकीच्या पद्धतीने लिहिलं तर मन हलकं होण्याऐवजी जड होतं.

सर्वांत जास्त तपासलेली पद्धत चार दिवसांची आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेत कॉलेजच्या ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला लावलं. काहींना क्षुल्लक विषय दिले, काहींना आयुष्यातला सर्वांत क्लेशकारक प्रसंग. प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणारे लगेच जास्त उदास दिसले, पण पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात जाण्याच्या त्यांच्या खेपा कमी होत्या. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. २००६ साली जोआन फ्रातारोली यांनी १४६ अभ्यासांची एकत्र पाहणी केली, तेव्हा सरासरी फायदा खरा पण लहान निघाला. तेव्हा ‘लिहा आणि बरे व्हा’ असं सांगणाऱ्यांकडून काही विकत घेऊ नये. डॉक्टर, औषध, बोलायला माणूस यांच्या जागी वही बसत नाही. त्यांच्या शेजारी बसते.

पद्धत अशी. मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावून मोबाइल उपडा ठेवावा. लिहायला सुरुवात केली की पेन थांबवायचं नाही. सुचलं नाही तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहायचं. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, खाडाखोड करायची नाही. पहिल्या दिवशी काय झालं आणि तेव्हा काय वाटलं ते. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग, पण त्याचा घरच्यांशी, कामाशी, आपल्या शरीराशी काय संबंध लागला ते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या जागेवरून. चौथ्या दिवशी आता पुढे काय. हे दिवसांचं वाटप मूळ प्रयोगाचा भाग नाही, सोयीचं म्हणून सांगितलं आहे, कारण चारही दिवस तेच लिहिलं तर गाडी चिखलात रुतते. १५ मिनिटांत बहुतेकांची लाँगबुकची दीड पृष्ठं होतात, चार दिवसांची सहा-सात. म्हणजे एका रजिस्टरात अशा तीसेक फेऱ्या बसतात. वर्षाला दोन-तीनपेक्षा जास्त फेऱ्या लागत असतील तर वहीपलीकडे मदत शोधायला हवी.

वेळ कोणती? झोपायच्या आधी नको. जखमेवरची खपली काढून दिवा मालवण्यात अर्थ नाही. लिहिल्यावर तासभर मन उदास राहतं, ते धरूनच बेत करावा. नंतर विहिरीवर, परसात, बाजारात, काहीतरी हातपाय हलवायचं काम असावं. रात्रीसाठी वेगळी गोष्ट आहे: पाच मिनिटांत उद्याच्या कामांची यादी. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. ‘बँकेचं बघायचं’ असं नको. ‘११ वाजता बँक, पासबुक आणि आधारची झेरॉक्स, येताना गॅसचा नंबर’ असं. आंब्याच्या दिवसांत पेट्या, गवत, मजूर, गाडी यांची उलाढाल डोक्यात घेऊन कूस बदलणाऱ्या बागायतदाराला हा उपाय चार दिवसांच्या लिखाणापेक्षा लवकर पटेल.

भाषा हा मुद्दा पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. शाळेत शिकलेल्या पुस्तकी मराठीत लिहायला गेलं की निबंध होतो. ‘मला अतीव दुःख झाले’ या वाक्यात दुःख कुठेच नसतं. ज्या बोलीत भांडतो त्या बोलीत लिहावं. ‘माका राग इलो, पण सांगाक जमला नाय’ या ओळीत झालं ते सगळं आहे. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळी, जी घरात असेल ती. मुसलमान घरांतली कोकणी असेल तर ती. लिपी कोणतीही चालते. ज्यांना मोडी येते त्यांनी मोडीत लिहावं, घरात कुलूप लावायची गरज राहणार नाही.

बिघडतं कुठे? सर्वांत मोठा बिघाड म्हणजे उगाळणं. तीच तक्रार, त्याच शब्दांत, तीन-तीन आठवडे. ओळखायची सोपी खूण अशी: मागची तीन लिखाणं काढून त्यांत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ असे शब्द शोधावेत. ज्यांना लिहिण्याचा फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक असे शब्द वाढत गेलेले संशोधकांना आढळले. ते एकही नसतील आणि पानभर ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ असेल, तर लिहिण्याने आपण गाठ सोडवत नाही, आवळतोय. अशा वेळी ‘मी’ सोडून स्वतःचं नाव घालून लिहावं, जणू शेजारच्या वाडीतल्या कोणाची हकिगत आहे. एवढ्याने पुष्कळदा दोन हात अंतर पडतं. नाहीच पडलं तर पंधरा दिवस वही बंद.

दुसरी चूक घाईची. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या झोपवल्या. अशा प्रसंगानंतर पहिल्या काही आठवड्यांत कोणाला ‘मनातलं लिहून काढ’ म्हणू नये. तेव्हा चिखल काढायचा असतो, पंचनामा करायचा असतो, झोपायचं असतं. खोल लिखाण नंतर, महिना-दोन महिन्यांनी, तेही माणसाला स्वतःला वाटलं तर. त्याआधी लिहायचंच असेल तर काय वाहून गेलं त्याची साधी यादी करावी. ती सरकारी कामालाही येते.

आणि एक नियम मोडायचा नाही. लिहिताना हातपाय थरथरायला लागले, श्वास लागला, किंवा जगणं नको असं कागदावर उतरलं, तर पेन खाली. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो नंबर रजिस्टरच्या पहिल्या पानावर, त्या चार प्रश्नांच्या वर लिहून ठेवावा.

लिहून काही ‘निर्माण’ करायचं असेल, कविता, कथा, लोककलेसाठी एखादं नवं गाणं, तर त्यासाठी दुसरी वही घ्यावी. खिशात मावणारी, साधारण पाच बाय तीन इंचांची, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. दोन्ही एकाच वहीत केलं की दोन्ही मरतात. मनातली वही कोणाला दाखवता येत नाही, म्हणून तिच्यासोबत चांगली ओळही लपून राहते. आणि ही ओळ कुठेतरी वापरता येईल असं डोक्यात आलं की मनातलं लिहिताना माणूस खोटं सजवायला लागतो. खिशातल्या वहीत रोज एकच पाहिलेली गोष्ट, दोन ओळींत, विशेषण न वापरता. माडाचा झाप विणताना कोणतं पातं आधी दुमडतात. १ जूनला मासेमारी बंद झाली की ओढून ठेवलेल्या होडीवर काय काय झाकतात. भरती रोज साधारण पाऊण तास ते तासभर उशिरा येते, म्हणजे काल याच वेळी जो दगड दिसत होता तो आज दिसतो का. महिन्याने या साठ ओळी वाचल्या की त्यांतल्या पाच-सहा जिवंत निघतात. जुने व्यापारी कच्ची वही, रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) आणि खतावणी (त्यांची खातेवार मांडणी) वेगळी ठेवत. त्यामागचं कारणही असंच, जे घडलं ते आधी, त्याचा अर्थ नंतर.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांसाठी थोडक्यात. भावना लिहिण्याचा फायदा टंकूनही होतो, हातानेच लिहिलं पाहिजे असा दंडक नाही. मराठी बोलून टंकण्याची सोय आता बरी चालते, बोलीत मात्र ती शब्द सुधारून प्रमाण करून टाकते, आणि ‘इलो’चं ‘आला’ झालं की मजा गेली. घरात एक मोबाइल तिघांत असेल तर अॅपला कुलूप घालून भागत नाही, सूचना पडद्यावर दिसतातच. ज्यांचं लिहिणं चौथीपर्यंतच झालं आहे अशा आजी-काकूंना आवाज नोंदवून ठेवणं सोपं जातं. पण तो पुन्हा ऐकायला त्या कचरतात. त्यांना पेन्सिल आणि मोठ्या ओळींची वही द्यावी, दिवसाला तीन शब्द पुरेत: ‘पाऊस. मुलगी. फोन.’

न पाठवायच्या पत्रासाठी आंतरदेशीय पत्र वापरून पाहण्यासारखं आहे. टपाल कार्यालयात मिळालं तर अडीच रुपयांत. जागा मोजकी असल्याने राग आटोपशीर राहतो, आणि घडी घालून कडा चिकटवल्या की हातालाच कळतं, संपलं. पत्त्याची जागा कोरी ठेवावी. मुंबईच्या मुलाचा पत्ता सवयीने घातला तर घरातला कोणीतरी जाता जाता पेटीत टाकून येईल, आणि मग जे होईल त्याला हे परीक्षण जबाबदार नाही.

साठवण. दहा लिटरचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत शंभर ग्रॅम सिलिका जेल. पत्र्याचा डबा नको, गंजतो. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजावं. ते जुन्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत. या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यामुळे तो तवा पुन्हा भाकरीला घेऊ नये. तांदळाची पुरचुंडी ठेवतात, ती फारशी ओल ओढत नाही, उलट कीड आणते. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेल्या वहीला कसर लागत नाही हे खरं, पण कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. दसऱ्यानंतर वह्या बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर दिवसभर उघड्या ठेवाव्यात. कडक ऊन दाखवायचा मोह टाळावा, बॉलपेनची निळी शाई उन्हात उडते.

वही भिजलीच तर ४८ तास हातात असतात. त्यानंतर बुरशी. दर दहा पानांमागे वर्तमानपत्राचा पानाएवढा तुकडा घालावा आणि तो ओला झाला की बदलावा, पंख्याखाली. इस्त्री फिरवू नये. वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकावी, बुरशी थांबते आणि सावकाश वाळवता येते. पावसाळ्यातल्या वीजपुरवठ्यावर विश्वास असेल तरच.

लपवणं हा कोकणातल्या घरात वेगळाच प्रश्न. गणपतीला चाकरमानी येतात, त्याआधी घरातलं प्रत्येक कपाट रिकामं करून पुसलं जातं, आणि पुसणारे हात दहा असतात. त्या पंधरवड्यापुरता डबा बियाण्याच्या किंवा खताच्या पोत्यांमागे बरा. लिहायला निवांत जागा नसेल तर गावातलं सार्वजनिक वाचनालय पाहावं. महाराष्ट्रातल्या जुन्यात जुन्या वाचनालयांपैकी एक, १८२८ सालचं, रत्नागिरीतच आहे, आणि वाचनालयात वहीत डोकं घालून बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

ठेवायचं नसेल तर? चार दिवसांचं लिखाण पुन्हा वाचलंच पाहिजे असं नाही. जाळायचा विचार पुष्कळांना सुचतो, पण पावसाळी कागद धुमसतो, अर्धवट जळालेली ओळ मागे राहते आणि ती नेमकी नको तीच असते. पानं फाडून तुकडे करावेत, बादलीत एक रात्र भिजत घालावेत, सकाळी काठीने ढवळून लगदा करावा आणि माडाच्या आळ्यात शेणखताखाली घालावा. लाँगबुक असेल तर पिना आधी काढून घ्याव्यात, नाहीतर अनवाणी पायात जातात.